ओसरीवरचं ताट

१

दसऱ्याच्या सकाळी ‘तेजोबिंदू’ कंपनीतलं पोलादी कपाट उघडलं, तेव्हा चार बाटल्यांपैकी तीनच आत होत्या. हिरवी होती, पिवळी होती, नारिंगी होती. लाल नव्हती. प्रयोगशाळेचं कुलूप शाबूत, कपाटाचं कुलूप शाबूत, आदल्या दिवशी आयुधपूजेला कपाटाच्या दारावर ओढलेली हळदकुंकवाची बोटंसुद्धा शाबूत. तासाभरात चोर ठरला. किल्ली ज्या मुलीकडे असायची ती. तिला घरी बसवलं, प्रयोगशाळेच्या दाराला कागदी सील ठोकलं आणि मालक श्रीवत्स यांनी विम्याचा अर्ज भरला.

पंधरा दिवसांनी, एका शुक्रवारी, विमा कंपनीचे सर्वेअर नागोजीराव सर्जापूर रोडला बसमधून उतरले. साल १९९९. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं, मध्येच निलगिरी, आणि त्यांत ही एकच काचेची इमारत, लग्नात नको तितकी नटलेली पाहुणी दिसावी तशी. नागोजीरावांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बंगळूरला आलं आणि इथलंच झालं. स्वतः त्यांनी सत्तावीस वर्षं जळालेली गोदामं आणि बुडालेला माल पाहण्यात घालवली होती. ज्याचा माल खपत नाही त्याच्याच गोदामाला आग कशी लागते, हे पाहून पाहून त्यांना माणसांचा वीट आला होता, आणि तो ते लपवतही नसत.

श्रीवत्स पस्तिशीचे, अमेरिकेहून परतलेले, सतत हसणारे. त्यांनी खोलीत अंधार केला आणि नोटा तपासायला वापरतात तसला जांभळा दिवा लावला. टेबलावरच्या तीन बाटल्या आतून पेटल्यासारख्या उजळल्या. नागोजीरावांना आवडलं नसतं तरी मान्य करणं भाग होतं, असा स्वच्छ रंग त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

“क्वांटम डॉट,” श्रीवत्स म्हणाले. “तिन्हींत पदार्थ एकच आहे, कॅडमियम आणि टेल्युरियम. फरक फक्त कणाच्या आकाराचा. तेलात तापवत ठेवलं की कण वाढतो. लवकर उतरवला तर हिरवा, आणखी ठेवला तर पिवळा, नारिंगी आणि तास न् तास ठेवला तर लाल.”

“म्हणजे गुळाचा पाक,” नागोजीराव म्हणाले. “एकतारी, दोनतारी.”

“अगदी. आणि या पाकावर उद्याचे टीव्ही चालतील. आजच्या पडद्यावरचा लाल हा खरा लाल नसतोच. दुसरं म्हणजे सेन्सर. पाण्यात शिसं, पारा असं काही विष असेल तर या कणांचा उजेड मंदावतो. गरीब देशाला स्वच्छ पाणी मिळेल. डिसेंबरात जपानी पाहुणे येणार होते, तेही खास लालसाठी. सगळ्यांत अवघड तोच. जूनमध्ये एकच घाणा नीट जमला, त्यातून या चार बाटल्या निघाल्या.”

भिंतीवर एका इंग्रजी पेपरातलं रंगीत कात्रण चौकटीत लावलं होतं. श्रीवत्स खिडकीत उभे, उन्हात, हातात लाल बाटली, तिचं झाकण काढलेलं.

“छान फोटो आहे,” नागोजीराव म्हणाले.

“दोन दिवस चालला होता तो कार्यक्रम,” श्रीवत्स खुशीत म्हणाले. मग आवाज खाली आला. “त्या मुलीला सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. बाटली आणून दिली तर ठीक. नाही तर पोलीस, आणि ती जानेवारीत ज्या संस्थेत संशोधनाला जाणार आहे त्यांना पत्र. मला वाईट वाटतं हो, पण काय करणार?”

वाईट वाटणाऱ्या माणसाचे दात इतके दिसत नाहीत. नागोजीरावांनी समोरची कॉफी तशीच ठेवली आणि ते उठले.

२

भव्या जयनगरला राहायची, मोठ्या बहिणीच्या घरी, कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. वय पंचविसाच्या आत-बाहेर. घरात मराठीच होती, नागोजीरावांच्या घरात होती तसलीच, निम्मी कन्नडात भिजलेली.

“अण्णा, मी काढली नाही,” ती पहिल्यांदा एवढंच म्हणाली. रडली नाही. पंधरा दिवसांत रडून झालं असावं.

“काढलीस की नाही ते मी विचारलंच नाही अजून. आयुधपूजेच्या दिवशी काय झालं ते सांग.”

“सकाळी सगळी यंत्रं पुसून काढली. भटजी आले. प्रत्येक यंत्राला कुंकू, झेंडूची माळ. दारात कोहळा फोडला. बारा वाजता चुरमुरे नि मिठाई देऊन सगळ्यांना घरी पाठवलं. पूजा झाल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये. दुसरी किल्ली श्रीवत्स सरांच्या टेबलात असते. पण ते कोण ऐकतंय?”

“जूनचा तो घाणा कुणी काढला?”

“मी.” मग तिनं जरा थांबून दुरुस्ती केली. “कागदावर जयतीर्थ सरांनी. ते मुख्य केमिस्ट. पण ते काचेच्या पलीकडे उभे राहून सांगायचे. सोवळ्याचे फार, सर. घरी जाऊन देवपूजा करायची असते, म्हणून भुकटीला हात लावत नाहीत. हात माझे. त्या टेल्युरियमपायी माझ्या अक्कानं मला महिनाभर वेगळ्या खोलीत झोपवलं. एवढा वास अंगाला.”

दारात उभ्या असलेल्या बहिणीनं आठवणीनंच नाक मुरडलं.

“आणि उरलेलं पाणी, तेल? कुठं टाकलंत?”

“कॅनमध्ये भरून ठेवलं, एक थेंब सिंकमध्ये जाऊ दिला नाही मी. कॅडमियम आहे अण्णा, विष. सिंकचं पाणी मागच्या ओढ्यात जातं, ओढा सरळ तळ्याला, त्यावर गावची गुरं पाणी पितात. त्यावरून भांडले मी श्रीवत्स सरांशी. कॅन महाग पडतात म्हणाले.” तिनं ओठ आवळले. “पेपरातल्या त्या फोटोवरूनही भांडले होते. उघडी बाटली उन्हात ठेवू नका, म्हटलं. ऐकलं नाही.”

“ठेवली तर काय होतं?”

“विझतात ते कण. हळूहळू, महिन्या-दोन महिन्यांत. बाटली तीच दिसते, पण दिवा लावला की उजेडच नाही.”

नागोजीराव जिन्यात थबकले. मेलेली बाटली कोण चोरेल? आणि मेलेली बाटली पाहुण्यांना कोण दाखवेल?

३

जयतीर्थांचं घर बसवनगुडीत, देवळामागच्या गल्लीत. शनिवारी सकाळी नागोजीराव फाटक उघडून आत गेले, तेव्हा मुख्य केमिस्ट ओसरीवर एकटे जेवत बसले होते. स्टीलचं ताट, शेजारी तांब्या, आणि आतला दरवाजा लोटलेला. पन्नाशीचा, जानवं घातलेला, कपाळावर गंधाची सरळ रेघ ओढलेला माणूस स्वतःच्याच घरी उंबऱ्याबाहेर बसून सांबार-भात जेवतो आहे, हे दृश्य काही बरं नव्हतं.

ते उठून जवळ आले, तोंड उघडलं, आणि नागोजीराव एक पाऊल मागे सरले. लसूण. साधासुधा नव्हे, कुजत पडलेल्या गड्ड्याचा. नागोजीरावांच्या घरात लसणाशिवाय रविवार उजाडत नसे, तरी हा वास त्यांना सोसवेना.

“बघितलंत?” दाराआडून कन्नडात आवाज आला. जयतीर्थांची आई, ऐंशीची, काडीसारखी. “या घरात सात पिढ्यांत कांदा शिरला नाही. आणि हा दसऱ्यापासून असा येतो. मी देवाजवळ फिरकू देत नाही त्याला.”

जयतीर्थांनी मान खाली घातली. “चूक झाली माझी. एकदाच. नवमीच्या दुपारी, ऑफिसातून सुटल्यावर. मित्रानं नेलं, शिवाजीनगरच्या एका मिलिटरी हॉटेलात, मांसाहारी खाणावळीत. मटणाचे कबाब खाल्ले. चार वाजेपर्यंत तिथंच होतो.”

आत भांडं आपटलं. म्हातारीनं कानांवर हात ठेवले. जयतीर्थांची बायको अनुषा कॉफीचा पेला घेऊन दारात आली होती, ती तिथंच उभी राहिली. तिच्या नजरेत रागाहून जास्त गोंधळ होता. या माणसानं लग्नानंतर एकवीस वर्षांत बाहेरचं पाणी प्यालेलं तिनं पाहिलं नव्हतं.

“मित्राचं नाव?” नागोजीरावांनी विचारलं.

“ते... सांगता येणार नाही. त्याच्या घरीही कळेल.”

“सरी, बरं,” नागोजीराव म्हणाले. कॉफी त्यांनी इथंही घेतली नाही, घशाखाली उतरली नसती. फाटकापर्यंत आले नि त्यांच्या मनानं एक साधा हिशोब मांडला. नवमीचा एक कबाब, आणि आज त्याला सोळा दिवस झाले. आयुष्यभर मटण खाल्लेल्या माणसाला कळतं, लसूण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकत नाही. हा माणूस आईसमोर, बायकोसमोर, न केलेलं पाप कबूल करत होता. नाकाने कांदे सोलणारा माणूस लसणाची कबुली देतो, तेव्हा त्याच्या पोटात लसणाहून घाण काहीतरी असतं.

४

दुपारी प्रयोगशाळेचं सील नागोजीरावांनी स्वतः तोडलं. बरोबर वॉचमन यल्लाप्पा होता. आयुधपूजेच्या दुपारी तू कुठं होतास, या प्रश्नावर तो आधी ‘इथंच’ म्हणाला, मग नागोजीरावांच्या डोळ्यांकडे बघून खरं बोलला. एकपासून पाचपर्यंत तो गावात गेला होता, स्वतःच्या सायकलची पूजा करायला. फाटकावर कुणीच नव्हतं.

आत पंधरा दिवसांचा कोंडलेला वास होता. यंत्रांवरच्या झेंडूच्या माळा वाळून पिवळ्याच्या मातकट झाल्या होत्या. वजनकाट्यावर माळ, पंपावर माळ, सूक्ष्मदर्शकावर माळ. नागोजीराव एकेक बघत गेले आणि मँटलपाशी थांबले. मँटल म्हणजे वाडग्यासारखी विजेची शेगडी, काचेचा गोल चंबू तीत बसवून तापवायचा. तिच्या काठाभोवतीही माळ होती, गाठ मारून नीट बांधलेली. पण ही वाळलेली नव्हती. आतल्या बाजूनं जळली होती. पाकळ्यांचा कोळसा झाला होता, दोऱ्याला करपलेले डाग होते.

“यल्लाप्पा, पूजा झाल्यावर ही शेगडी कुणी पेटवली?”

“छे, स्वामी. त्या दिवशी कोण पेटवेल? पाप लागतं. आणि दुसऱ्या दिवशी तर सील लागलं.”

नागोजीराव स्टुलावर बसले. चोराला शेगडी कशाला लागते? चोर कपाट उघडतो, बाटली उचलतो, चालू लागतो. शेगडी लागते ती करणाऱ्याला. आणि माळ? कुणी तरी ती काढून बाजूला ठेवली, काम केलं आणि परत बांधली. श्रीवत्ससारख्यानं ती कचऱ्याच्या डब्यात फेकली असती. ही माळ अशा माणसाची होती ज्याला देवाचं फूल केराच्या टोपलीत टाकवत नाही, पण शेगडी निवेपर्यंत थांबायलाही वेळ नव्हता.

ते उठले, कोट काढला आणि सिंकखाली आडवे झाले. वाकडी नळी पान्यानं सोडवली. बादलीत काळपट, तेलकट गाळ पडला आणि त्याबरोबर कुजकी लसणी वाफ अशी आली की यल्लाप्पा दाराबाहेर पळाला. नागोजीरावांनी नाकाला रुमाल बांधून खिडक्या बंद केल्या आणि जांभळा दिवा बादलीवर धरला.

गाळ हिरवा चमकत होता.

त्यांनी ऑफिसातून भव्याच्या घराखालच्या दुकानाला फोन लावला आणि तिला फोनवर बोलावून घेतलं.

“भव्या, एकच सांग. जूनमध्ये तुझ्या अंगाला जो वास येत होता, तो कसला?”

“टेल्युरियमचा, अण्णा. श्वासातून जातं, मग श्वासातूनच बाहेर येतं. बसमध्ये शेजारी कुणी बसत नव्हतं.” ती ओशाळून हसली. “लसणासारखा.”

५

सोमवारची वाट नागोजीरावांनी पाहिली नाही. रविवारी सकाळी श्रीवत्सांच्या काचेच्या ऑफिसात त्यांनी दोघांना बसवलं. श्रीवत्सांनी खुर्ची खिडकीजवळ, जयतीर्थांपासून लांब ओढून घेतली होती. म्हणजे वास त्यांनाही ठाऊक होता.

“बाटली चोरीला गेलीच नाही,” नागोजीराव म्हणाले. “ती मेली. या फोटोपायी मेली. नवमीला पूजेनंतर जयतीर्थांनी दिव्याखाली धरून पाहिली आणि तिच्यात उजेड नव्हता. सगळे घरी गेल्यावर ते तुमच्या टेबलातली किल्ली घेऊन परत आले. माळ काढली, शेगडी पेटवली, नवा घाणा चढवला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी. हातमोजे, पंखा, काच, हे सगळं सांभाळणारी मुलगी नव्हती, त्यामुळे टेल्युरियम नाकातोंडात गेलं. आणि लालला तास न् तास लागतात. इथं संध्याकाळच्या पूजेला घरी पोचायचं होतं. पाक हिरव्यावरच राहिला. तो सिंकमध्ये ओतला, मेलेली लालही ओतली, माळ गरम शेगडीला परत बांधली आणि कुलूप लावलं. भव्यानं थेंबसुद्धा जाऊ दिला नव्हता त्या सिंकमध्ये. माझ्याकडे बादलीभर आहे, सीलबंद.”

“कबाब,” जयतीर्थ पुटपुटले. “मी कबाब खाल्ले.”

“सोळा दिवस टिकणारा कबाब मलाही दाखवा. आणि आता भव्याच्या अक्काला बोलवू का? जूनमधला वास ती डोळे मिटून ओळखेल.”

जयतीर्थांचे खांदे पडले. बोलायला लागले तेव्हा त्यांनी तोंडावर उपरणं धरलं होतं, इतक्या दिवसांची सवय. “चोरी म्हणायचं माझ्या मनात नव्हतं. मी यांना फोन केला, म्हटलं बाटली मेली, नवा घाणा फसला. हे म्हणाले, मेली म्हणालो तर जपानी पुन्हा फिरकणार नाहीत, आपला माल टिकत नाही असं होईल. चोरी झाली तर सहानुभूती मिळेल, विमाही मिळेल. किल्ली कुणाकडे असते, एवढंच विचारलं यांनी.”

नागोजीरावांनी श्रीवत्सांकडे पाहिलं. ते अजून हसत होते, फक्त थोडं वाकडं.

“हे बघा सर, तिचं काही वाकडं झालं नसतं. पोलिसांनी दोन दिवस बसवून सोडून दिलं असतं. मी तिला नंतर परत कामावर घेणारच होतो. चांगली मुलगी आहे, हात चांगला आहे तिचा.”

शिसारी म्हणजे काय ते नागोजीरावांना त्या क्षणी पुरतं कळलं. पाण्यातलं विष ओळखणारं यंत्र विकायला निघालेला हा माणूस ओढ्यात विष गेल्याचं दडवत होता, आणि चोराच्या उलट्या बोंबा मारून एका पोरीचं आयुष्य वापरून फेकायला तयार होता, तेही तिच्या हाताची तारीफ करत. जळालेली गोदामं याहून स्वच्छ होती.

“लिहा,” ते म्हणाले आणि दोन कोरे कागद टेबलावर सरकवले. “बाटली कशी मेली, सिंकमध्ये काय ओतलं, आणि भव्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. एक प्रत विमा कंपनीला, एक तिच्या संस्थेला. गाळाची बादली प्रदूषण मंडळात उद्या जाईल, ती मी स्वतः नेणार आहे. तिथं तुम्ही सेन्सरचं भाषण करा.”

जयतीर्थांनी लगेच लिहिलं. श्रीवत्सांनी पाऊण तास वाद घातला, मग त्यांनीही लिहिलं.

भव्याला दुपारी कागद दिला तेव्हा तिनं तो दोनदा वाचला. मग विचारलं, “गुरांचं काय, अण्णा? पंधरा दिवस पाणी प्यायलीत ती.”

६

संध्याकाळी ते बसवनगुडीला गेले. जाण्याचं काही कारण नव्हतं. पण त्या ओसरीवर एक खोटं सांडून ठेवलेलं होतं, आणि ते तिथंच राहावं असं त्यांना वाटेना. जयतीर्थ घरी पोचले नव्हते. म्हातारी दारात बसली होती, अनुषा आत दिवा लावत होती. ओसरीच्या कोपऱ्यात ते ताट पालथं घातलेलं होतं.

नागोजीरावांनी दोघींना सगळं सांगितलं, काही न गाळता. टेल्युरियम, बाटली, किल्ली, आणि पंधरा दिवस चोर म्हणून घरी बसलेली मुलगी. अनुषा दिवा तसाच हातात धरून ऐकत राहिली.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि तिचे डोळे भरून आले.

“म्हणजे लसूण नाही खाल्ला? मटण नाही?”

“नाही, अज्जी.”

“बाबा, वाचवलंस रे.” तिनं देवघराच्या दिशेनं हात जोडले. “माझा पोर बाटला नाही. अनुषा, ताट आत घे गं त्याचं. उद्यापासून पंगतीत बसेल तो.”

“आणि ती मुलगी, अज्जी?” नागोजीरावांनी विचारलं.

“कुठली मुलगी?”

नागोजीराव चपला घालायला वाकले.

अनुषानं दिवा देवापुढे ठेवला आणि बाहेर आली. कोपऱ्यातलं ताट उचललं. अंगणातल्या नळावर नेऊन ते घासलं, विसळलं, पदरानं कोरडं केलं. म्हातारी आतून म्हणाली, “इकडं आण, इकडं.” अनुषानं ताट होतं तिथंच, ओसरीच्या कोपऱ्यात, पुन्हा पालथं घालून ठेवलं. म्हातारीनं दोनदा हाक मारली.

मग अनुषा नागोजीरावांकडे वळली. “काल तुम्ही कॉफी घेतली नाहीत. आज ठेवू?”

नागोजीरावांनी चपला काढल्या आणि ओसरीवर, ताटापासून जरा अंतर ठेवून, बसले.

“ठेवा अम्मा,” ते म्हणाले. “स्वल्पच.”